कोंबड्या मेल्या, हे सांगणार कोण?

२०२५ उजाडता उजाडता भोपाळच्या प्राणिरोग प्रयोगशाळेचा अहवाल आला. नागपूरच्या गोरेवाडा केंद्रातले तीन वाघ आणि एक बिबट्या बर्ड फ्लूने गेले होते. त्याच जानेवारीत उदगीरला कावळे मरून पडले, उरणकडे कोंबड्या मेल्या, आणि दर हिवाळ्यात भरणारी वादाची जत्रा त्या वर्षी जरा मोठी भरली. एका बाजूला म्हणणारे म्हणत होते, राणीखेतला लस आहे, गंबोरोला आहे, देवीला आहे, मग बर्ड फ्लूलाच का नाही? धडधाकट पक्षी गोण्यांत भरून खड्ड्यात लोटायचे, हा कुठला न्याय? दुसऱ्या बाजूचं उत्तर ठरलेलं: लसीने रोग दबतो, विषाणू दबत नाही, तो आतल्या आत फिरत राहतो, इजिप्तचं काय झालं ते बघा. मग चिकन खावं की नाही हा तिसराच विषय मध्ये घुसतो, कुणीतरी पुढारी कॅमेऱ्यासमोर तंगडी तोडतो, आणि चर्चा संपते.

माझं मत आधीच सांगून टाकतो. अंड्यावरच्या आणि ब्रीडर, म्हणजे पिल्लांसाठी पाळलेल्या, कोंबड्यांना एच५ ची, म्हणजे बर्ड फ्लूच्या विषाणूवरची, लस द्यायला भारताने परवानगी द्यावी. टप्प्याटप्प्याने द्यावी, आणि चाळीस दिवसांत बाजारात जाणाऱ्या ब्रॉयलरवर ती वाया घालवू नये. पण लस की कलिंग, म्हणजे सगळे पक्षी मारून टाकणं, असा जो सामना लावला जातो तो मला मान्य नाही. सुई आणि खड्डा या दोन्हींच्या आधी एक गोष्ट घडावी लागते: शेडमध्ये पक्षी नेहमीपेक्षा जास्त मरायला लागले हे कुणीतरी त्याच दिवशी सांगावं लागतं. ते कोण सांगणार, कुणाला, आणि कशाच्या भरवशावर? यावर कुणी भांडत नाही.

मी पशुवैद्यक नाही. पण आमच्या चुलत्यांचं लेअरचं, म्हणजे अंड्यांच्या कोंबड्यांचं, शेड होतं आणि माझ्या उन्हाळ्याच्या सुट्ट्या त्यात गेल्या. पिल्लं सात दिवसांची झाली की लासोटा ही लस. काम संध्याकाळी, दिवे मंद करून. बर्फ घातलेल्या थर्मासमधून कुपी निघायची, सोबतच्या पाण्यात मिसळली जायची, आणि दोनेक तासांत संपवायची. एकाने पिल्लू धरायचं, दुसऱ्याने डोळ्यात एक थेंब सोडायचा. पिल्लाने पापणी मिटून उघडली, थेंब आत गेला, की सोडलं खाली. थेंब गालावरून ओघळला तर तेच पिल्लू पुन्हा. हजार पिल्लं झाली की मान भरून यायची. पुढे आठव्या आठवड्याला पंखाखाली आर-टू-बी ही दुसरी लस टोचायची. हे सगळं मानमोडीसाठी, म्हणजे राणीखेतसाठी. आमच्या घरी ‘व्हायरस’ हा शब्द कुणी उच्चारत नसे, पण तो एक थेंब चुकला तर काय होतं हे सगळ्यांना पाठ होतं.

म्हणूनच ‘राणीखेतला लस आहे मग याला का नाही’ हा माझ्याच बाजूचा युक्तिवाद मला सगळ्यात कच्चा वाटतो. राणीखेतची लस घेतलेल्या कोंबडीलाही विषाणू लागू शकतो, ती तो थोडाफार बाहेरही टाकते. आपण ते चालवून घेतो, कारण राणीखेतने माणसाचे फार तर डोळे येतात. बर्ड फ्लूच्या एच५एन१ विषाणूचं तसं नाही. २००३ पासून जगभरात तो झालेल्या ज्या माणसांची नोंद झाली त्यांतली जवळपास निम्मी दगावली. भारतातला पहिला नोंदलेला मृत्यू २०२१ सालचा, हरियाणातला ११ वर्षांचा मुलगा. एक विषाणू घरात वावरला तर चालतं म्हणून दुसराही चालेल, असं कसं म्हणता येईल?

कलिंगवाल्यांचं म्हणणंही हवेतलं नाही. १९९७ मध्ये हाँगकाँगमध्ये एच५एन१ थेट कोंबड्यांवरून माणसांत आला. १८ जणांना लागण झाली, ६ गेले. वर्ष संपता संपता तिथल्या सरकारने शहरातल्या आणि फार्मवरच्या एकूण एक कोंबड्या मारल्या, सुमारे पंधरा लाख, आणि माणसांतल्या केसेस तिथेच थांबल्या. आपल्याकडे २००६ च्या १८ फेब्रुवारीला नवापूरची बातमी फुटली. नवापूर म्हणजे नंदुरबार जिल्ह्याचं गुजरातला चिकटलेलं टोक. रेल्वे स्टेशन अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत. तिथे लाखो कोंबड्या मारल्या, पुरल्या, आणि तो उद्रेक आटोक्यात आला. तेव्हा विषाणू आत असेल तिथे सगळं कापून टाकायचं, ही पद्धत क्रूर आहे म्हणून चुकीची ठरत नाही.

लसीविरुद्धचा खरा भक्कम मुद्दा वेगळाच आहे, आणि टीव्हीवरच्या वादात तो क्वचित येतो. मरेक्स हा कोंबड्यांना गाठी आणणारा, लुळं पाडणारा विषाणूजन्य कर्करोग. हंगेरीचे पशुवैद्यक योझेफ मारेक यांनी १९०७ मध्ये त्याचं वर्णन केलं, आणि १९७० च्या आसपास त्यावर लस आली. कर्करोग रोखणारी ही पहिली यशस्वी लस. ती नसती तर आजचा अंडी उद्योग उभाच राहिला नसता. पण ती कोंबडीला मरू देत नाही एवढंच. विषाणू तिच्या पिसांतून, कोंड्यातून बाहेर पडत राहतो. २०१५ मध्ये अँड्र्यू रीड आणि मूळचे केरळचे विषाणुतज्ज्ञ वेणुगोपाल नायर यांच्या चमूने दाखवून दिलं की मरेक्सचे सगळ्यात जहाल प्रकार लस नसलेल्या पक्ष्यांना इतक्या झटपट मारतात की त्यांना पुढे पसरायला वेळच मिळत नाही. लस घेतलेल्या कळपात मात्र तेच प्रकार आरामात जगतात आणि पसरतात. म्हणजे गळकी लस जहाल विषाणूला आसरा देऊ शकते. हे एच५ च्या बाबतीत होणारच नाही, असं छातीठोकपणे कोण सांगेल?

इजिप्तने २००६ पासून लस टोचली. काही फार्मनी टोचली, काहींनी नाही. परसातल्या कोंबड्यांपर्यंत ती धड पोहोचली नाही. विषाणू बदलला तरी कुपीतला माल तोच राहिला. दोन वर्षांत विषाणू तिथला रहिवासी झाला, आणि पुढे एच५एन१ च्या सर्वाधिक मानवी केसेस, ३५० हून जास्त, इजिप्तच्याच नावावर लागल्या. हे उदाहरण लसीचे विरोधक देतात ते बरोबरच आहे. पण ते नेमकं काय सिद्ध करतं? टोचून मोकळं व्हायचं आणि मागे वळून बघायचं नाही, तर काय होतं, एवढंच.

मागे वळून बघता येतं. कसं, हे इटलीत २००० सालीच दिसलं होतं. १९९९ ते २००० या काळात उत्तर इटलीत एच७एन१ ने एक कोटीहून जास्त पक्षी गेले. पादुआजवळच्या संस्थेत इलारिया कापुआ नावाच्या पशुवैद्यक विषाणुतज्ज्ञ त्यावर काम करत होत्या. त्यांच्या चमूने काढलेली युक्ती ऐकायला साधी आहे. या विषाणूच्या अंगावर दोन खुणा असतात, एच आणि एन. कोंबडीला वाचवते ती मुख्यतः एच विरुद्धची प्रतिकारशक्ती. मग लस बनवताना एच तोच ठेवायचा, एन मात्र दुसरा घ्यायचा. बाहेर फिरतोय एच७एन१, तर लस एच७एन३ ची. आता एखाद्या कोंबडीच्या रक्तात एन१ विरुद्धची प्रतिपिंडं सापडली, तर ती लसीने आलेली असणं शक्यच नाही. खरा विषाणू तिथे येऊन गेलाय. लस घेतलेल्या कळपातही चोर पकडता येतो तो असा. हाँगकाँगने आणखी सोपी वाट धरली. २००३ पासून तिथे सगळ्या फार्मवरच्या कोंबड्यांना लस, पण प्रत्येक तुकडीत काही कोंबड्या मुद्दाम बिनलसीच्या. त्या पहारेकरी. आजूबाजूच्या धडधाकट दिसताहेत आणि पहारेकरी मरताहेत, म्हणजे विषाणू आत शिरला. २००८ च्या डिसेंबरात तिथल्या एका फार्मवर विषाणू सापडलाही. तेव्हा त्या फार्मचे पक्षी मारले आणि लस नव्या विषाणूला लागू पडते का, याचा विचार सुरू झाला. एकाच शहरात लसही आणि कलिंगही. मग आपल्याकडे या दोघांना सवती असल्यासारखं का वागवतात?

चीनने २०१७ च्या सप्टेंबरात एच७एन९ ची लस कोंबड्यांना सक्तीची केली. त्याआधीच्या एकाच लाटेत साडेसातशेहून जास्त माणसं आजारी पडली होती. नंतर त्या केसेस बोटांवर मोजण्याइतक्या उरल्या. फ्रान्समध्ये २०२१-२२ च्या हंगामात १,३०० हून जास्त उद्रेक झाले होते. २०२३ च्या ऑक्टोबरात त्यांनी बदकांना लस द्यायला सुरुवात केली, लस दिलेल्या कळपांची ठरावीक दिवसांनी तपासणी बांधून घेतली, आणि त्या हंगामात उद्रेक दहावर आले. त्या वर्षी युरोपात सगळीकडेच विषाणू थोडा थंडावला होता, त्यामुळे सगळं श्रेय सुईला देता येणार नाही. पण विषाणू लपून बसला म्हणून बोंब मारावी, असंही तिथे काही घडलं नाही.

आता आपल्या दारातली गोची सांगतो, कारण परदेशातली उदाहरणं उचलून आणली की काम झालं असं नसतं. हल्ली एच५ ची अशी लस बनते की अंड्यातून निघालेल्या पिल्लाला हॅचरीतच, मरेक्सच्या सुईसोबत देता येते. तिच्यात एच५ चा तेवढा एकच तुकडा असतो. त्यामुळे फ्लूच्या दुसऱ्या कुठल्याही भागाविरुद्ध प्रतिपिंडं दिसली की संसर्ग झाला, असं मानता येतं. पण भारतात एच९एन२ हा सौम्य फ्लू कोंबड्यांत आधीपासून फिरतोय. त्यावरची लस भोपाळच्याच शास्त्रज्ञांनी तयार केली आहे. दोन्ही फ्लूंमध्ये आतला बराच भाग सारखा. म्हणजे ती सोपी तपासणी आपल्याकडे खोटी घंटा वाजवणार, आणि नेमकी एन१ ची खूण शोधणारी तपासणी करावी लागणार. हे काम कुणाचं? जिल्ह्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरचं नाही, शेतकऱ्याचं तर नाहीच. ज्याला आपण वर्षभर विसरतो आणि कावळे पडले की आठवतो, त्या पशुवैद्यक विषाणुतज्ज्ञाचं.

आता मूळ मुद्दा. लसीवरचा आरोप आहे, ती विषाणू लपवते. मान्य. पण आजचं धोरण काय करतं? शेतकऱ्याला लपवायला लावतं. हिशेब बघा. २०२१ मध्ये मारलेल्या मोठ्या अंड्यावरच्या कोंबडीला भरपाई होती ९० रुपये, मोठ्या ब्रॉयलरला ७०. अंड्यावर येईपर्यंत, म्हणजे पहिल्या १८ आठवड्यांत, एक तलंग सहा किलोच्या आसपास खाद्य खाते. औषधं, मजुरी, वीज सोडून द्या. नुसत्या खाद्याची किंमत त्या ९० च्या कितीतरी पुढे जाते. वर, बाधित शेडभोवतीच्या एक किलोमीटरमधल्या सगळ्या कोंबड्या जाणार. शेजाऱ्याच्या जातील, मावशीच्या जातील, ज्यांचा एकही पक्षी आजारी नाही त्यांच्याही जातील. म्हणजे खरं बोलणारा गावाचा वैरी. नंतर काही महिने शेड रिकामं, आणि कर्जाचा हप्ता मात्र चालू. या परिस्थितीत सकाळी नऊ कोंबड्या मेलेल्या दिसल्या तर माणूस डॉक्टरला फोन करेल की उरलेल्या दुपारच्या गाडीत भरेल? बरं, गाडीत भरलेल्या त्या कोंबड्या चार तालुके फिरतात.

१७१३-१४ च्या सुमाराला युरोपात गुरांची बुळकांडी पसरली होती. रोममध्ये पोपचे वैद्य लान्चिझी यांनी आजारी जनावरं मारून पुरायचे नियम केले. ते मोडणाऱ्याला मृत्युदंडापर्यंत शिक्षा. १७१४ मध्ये तोच रोग इंग्लंडला पोहोचला तेव्हा राजाचे शल्यवैद्य थॉमस बेट्स यांनी मारलेल्या प्रत्येक गायीमागे चाळीस शिलिंग द्यायची तजवीज केली, आणि काही महिन्यांत रोग गेला. दोन्हीकडे कलिंगच. एकाने भीतीवर विसंबून केलं, दुसऱ्याने भरपाईवर. आपण पोपसारखी शिक्षा करू शकत नाही आणि बेट्ससारखे पैसे देत नाही. मग शेतकरी का सांगत नाही, याचं नवल वाटायला नको.

बुळकांडीचाच पुढचा अध्याय तर आपल्याच देशातला आहे. जे. टी. एडवर्ड्स हे कुमाऊंमधल्या मुक्तेश्वरच्या संस्थेतले. १९२० च्या दशकात त्यांनी बुळकांडीचा विषाणू शेळ्यांतून फिरवून लस बनवली. त्याच दशकाच्या शेवटी शेजारच्या राणीखेतला कोंबड्या मरू लागल्या, तो रोगही त्यांनीच टिपला, आणि त्या थंड हवेच्या गावाचं नाव कायमचं मानमोडीला चिकटलं. भारताने १९५० च्या दशकापासून गुरांना बुळकांडीच्या लसी धडाक्याने टोचल्या. उद्रेक पार खाली आले, पण शून्य होईनात. लस चालू होती, म्हणून कुणी रोग शोधत नव्हतं. रोग गेला तो १९९० च्या दशकात, जेव्हा लसीकरण नेमकं केलं, मग थांबवलं, आणि गावोगाव विचारत फिरायला सुरुवात झाली: तोंडात फोड, डोळ्यांना पाणी, जुलाब, असं जनावर कुठे आहे का? शेवटची नोंद १९९५ ची. २०११ मध्ये जगच बुळकांडीमुक्त जाहीर झालं. लस नसती तर ते झालं नसतं, आणि लसीवर थांबलो असतो तरीही नसतं.

व्यापाराचा मुद्दा थोडक्यात आटोपतो, कारण तो जेवढा मोठा करून सांगितला जातो तेवढा नाही. लस सुरू केली की परदेशी गिऱ्हाईक तोंड फिरवेल, ही भीती खोटी नाही; फ्रान्सच्या कोंबड्या-बदकांवर अमेरिकेने निर्बंध घातलेच होते. पण २०२३-२४ मध्ये भारतात १४,००० कोटींहून जास्त अंडी झाली, त्यांतली जवळपास सगळी आपणच खाल्ली. तमिळनाडूतल्या नामक्कलहून आखातात जाणाऱ्या अंड्यांसाठी अख्ख्या देशाचं धोरण ठरवायचं का? आणि जागतिक पशुआरोग्य संघटनेचे नियमही सांगतात की विषाणू नाही हे तपासणीने दाखवता येत असेल तर लसीकरणामुळे देशाचा दर्जा जात नाही. फिरून पुन्हा तपासणीच.

एका गोष्टीवर मात्र माझ्याकडे नीटसं उत्तर नाही. मोठ्या लेअर फार्मना लस मिळाली आणि परसातल्या गावरान कोंबड्यांना नाही, तर मरेक्सच्या प्रयोगातली बिनलसीची कोंबडी म्हणजे नवापूर-अक्कलकुव्याकडच्या एखाद्या बाईच्या खुराड्यातली कोंबडी. फार्मवर विषाणू गुपचूप फिरणार आणि मरणार तिच्या. तिच्याकडे आठ-दहा पक्षी, वेगवेगळ्या वयाचे, रात्री झाडावर बसणारे. त्यांना सुई कोण देणार? राणीखेतपुरतं यावर एक उत्तर निघालंय. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठाच्या पीटर स्प्रॅडब्रो यांनी आय-टू नावाची उष्णतेला बऱ्यापैकी टिकणारी लस तयार केली, तिच्यावर हक्क न सांगता ती गरीब देशांना दिली, आणि आफ्रिकेत कित्येक गावांत बायाच दर काही महिन्यांनी घरोघरी जाऊन डोळ्यात थेंब टाकतात. एच५ साठी असं काही हाती नाही. तोवर परवानगी द्यायची तर फार्मच्या परिसरातल्या परसातल्या कोंबड्यांची तपासणी त्याच अटीत बांधलेली हवी, आणि त्या मेल्या तर भरपाई मागायला त्या बाईला जिल्ह्याच्या गावी चकरा माराव्या लागू नयेत.

कापुआ यांचं आणखी एक काम सांगतो. २००६ मध्ये आफ्रिकेतल्या पहिल्या एच५एन१ चा नमुना नायजेरियातून त्यांच्याकडे आला. तेव्हा असल्या विषाणूंची जनुकीय माहिती मोजक्या प्रयोगशाळांपुरत्या, पासवर्डच्या कुलपाआडच्या संग्रहात ठेवायची पद्धत होती. त्यांनाही तसंच करायला सुचवलं गेलं. त्यांनी नकार दिला, सगळी माहिती जगासाठी खुली करून टाकली, आणि इतर शास्त्रज्ञांनाही तसं करायचं आवाहन केलं. वरच्या स्तरावर माहिती लपवण्याची सवय अशी मोडली. खालच्या स्तरावरची, शेडमधली, अजून मोडायची आहे.

२०२१ च्या जानेवारीत परभणीजवळच्या मुरुंब्यात शेकडो कोंबड्या मेल्या आणि भोपाळहून बर्ड फ्लूचा निकाल आला, त्या दिवसांत माझ्या चुलतभावाच्या शेडमध्ये मरतूक वाढली. शेड आता तो बघतो. दाराशी खिळ्याला वही टांगलेली असते, रोज किती अंडी, किती खाद्य, किती मर. दहा हजार पक्ष्यांत दोन-तीन रोजचीच. त्या आठवड्याचे आकडे त्याने मला नंतर दाखवले: ३, २, ४, ११, २६. अकराव्या कोंबडीला त्याने डॉक्टरला फोन केला नाही. सव्विसाव्यालाही नाही. तिसऱ्या दिवशी केला. डॉक्टरने तिथेच कोंबडी फाडली, पूर्वजठरावर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके दाखवले, आणि म्हणाले, दिसतंय राणीखेत, पण बर्ड फ्लूतही हे असंच दिसतं, नमुने पाठवू. निकाल येईपर्यंतचे चार दिवस भाऊ जेवला नाही. राणीखेतच निघालं. मी विचारलं, दोन दिवस का थांबलास? वही मिटत तो म्हणाला, ‘‘दादा, फोन केला असता आणि तेच निघालं असतं, तर पलीकडच्या अण्णांचे पाच हजार पक्षी माझ्या नावावर मेले असते.’’